दोन घास जास्त

सकाळी साडेआठ

दवाखान्यात आल्यावर पर्स ठेवायच्या आधी मी फ्रिज उघडते. तापमापकावर आज चार अंश दिसतायत. दोन ते आठच्या मध्ये आकडा असला की वहीत लिहायचा आणि सही करायची. भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची पेनं मधल्या कप्प्यात असतात, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीच नाहीत. हे औषध एकदा गोठलं की वाया गेलं, वितळल्यावर वापरता येत नाही. प्रत्येक पेशंटला आम्ही हे बजावतो. तरी गेल्या महिन्यात एका घरी पेन बर्फाच्या ट्रेला चिकटलेलं निघालं. ‘औषध आहे, गार राहू दे’ म्हणून सासूबाईंनी चांगल्या मनानं ते वर सरकवलं होतं. महिन्याभराचं औषध कचऱ्यात गेलं.

मी आहारतज्ज्ञ आहे. कोल्हापुरात एका हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, दवाखान्यात काम करते. गुरुवारी आमची वजनाची ओपीडी असते. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं आणि जूनमध्ये वेगोव्ही. पहिल्यात टिर्झेपटाइड, दुसऱ्यात सेमाग्लुटाइड. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायची. आपण जेवलो की आतडं जीएलपी-वन नावाचं हॉर्मोन सोडतं. ते मेंदूला ‘पुरे आता’ असं कळवतं, पण दोनेक मिनिटांत विरूनही जातं. ही औषधं तेच काम करतात, फक्त शरीरात दिवसेंदिवस टिकून राहतात. जठर सावकाश रिकामं होतं, भूक उतरते आणि डोक्यात सारखं घोळणारं खाणं थांबतं. एक शिक्षिका मला म्हणाल्या होत्या, ‘‘चारला शाळेतनं आलं की चिवड्याचा डबा हाका मारायचा. आता गप्प बसतोय.’’

डबा गप्प बसला की माझं काम सुरू होतं, कारण भूक मेली की माणूस जेवायचंच सोडतो. काटा खाली येतो, घरचे खूश होतात. त्या वजनासोबत मांडीचं मांस किती गेलं, केस किती गळले, हिमोग्लोबिन कुठं उतरलं, इकडं कुणाचं लक्ष नसतं. पूर्वी मी दिवसभर ‘हे कमी करा, ते बंद करा’ सांगायचे. आता दिवसभर ‘दोन घास जास्त खा’ म्हणते. औषध लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात. त्या औषधावरच्या माणसाला पुरेसं खायला लावायला महिने लागतात, आणि देखरेख म्हणायची ती यालाच, असं माझं ठाम मत झालंय.

सव्वानऊ

मार्गशीर्षातला गुरुवार आहे, त्यामुळं बाकांवर बसलेल्या निम्म्या बायकांना महालक्ष्मीचा उपास. पहिल्याच नंबरच्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. ‘‘पित्त झालंय मॅडम. पहाटेपासनं तीन उलट्या झाल्या.’’

इंजेक्शन कधी घेतलं? काल रात्री. सकाळपासून पोटात काय? काही नाही, अर्धा कप चहा. रक्तदाबाची गोळी? ती मात्र वेळेवर घेतलीय, आणि त्या गोळीत लघवी जास्त करवणारं औषधही आहे. सिस्टरनी बसवून रक्तदाब घेतला तेव्हा वरचा आकडा 104 होता. उभं करून घेतला तर 88. जीभ कोरडी. मळमळ साधारण इंजेक्शननंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असते, आणि नेमका त्याच दिवशी निरंकार उपास आला होता. अशानं शरीरातलं पाणी आटलं की ताण थेट मूत्रपिंडावर येतो.

मीठ-साखरेचं पाणी घ्या म्हटलं तर त्यांनी आधी सासूबाईंना फोन लावला. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, ‘‘औषध हाय ते. देवीला चालतंय. पी तू.’’ मग चमच्याचमच्यानं, अर्ध्या तासात एक पेला पोटात गेला आणि टिकला. सरांनी रक्तदाबाची ती गोळी तूर्त बंद केली आणि मूत्रपिंड तपासायला क्रिएटिनिनसाठी रक्त घ्यायला सांगितलं.

उपास सोडा असं मी त्यांना सांगितलं नाही. ज्या बाई लग्नापासून हे व्रत करतायत त्या माझ्या सांगण्यानं ते सोडणार नाहीत. फार तर मला खरं सांगायचं बंद करतील, आणि ते जास्त धोक्याचं. म्हणून इंजेक्शनचा वार बदलला. टिर्झेपटाइडचा वार बदलता येतो, दोन इंजेक्शनांत निदान तीन दिवसांचं अंतर हवं. काल घेतलंय, तेव्हा या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी घ्यायचं. तिथून पुढं कायम शनिवार. म्हणजे मळमळीचे दिवस रविवार-सोमवारवर जातील आणि गुरुवार मोकळा मिळेल. उपासालाही साबुदाण्यावर भागवायचं नाही, तो सगळा स्टार्चच. सकाळी राजगिऱ्याची दुधातली लापशी, दुपारी वाटीभर घट्ट दही, संध्याकाळी पूजेनंतर वरी आणि शेंगदाण्याची आमटी. दिवसभरात दोन लिटर पाणी, घोटाघोटानं. कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो घडी करून पर्समधल्या व्रताच्या पोथीत ठेवला.

दहा

नवे पेशंट. आधी कंबरेला टेप. आपल्याकडं पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली की सावध व्हायचं. बीएमआय 23 ला आपण जादा वजन म्हणतो आणि 25 ला स्थूलपणा, पाश्चात्त्यांपेक्षा खाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच, दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. वरून सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला साखर कशी लागते ते त्या एका पानात कळतं. म्हणून मी नुसत्या काट्यावर विश्वास ठेवत नाही.

मग प्रश्न. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, आणि झाला असेल तर कुठल्या प्रकारचा? स्वादुपिंडाला सूज येऊन कधी ॲडमिट होता का? पित्ताशयात खडे? साखरेच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? भूल द्यावी लागेल असं काही ऑपरेशन ठरलंय का? मूल हवंय का, कधी? आणि खोलीतून नातेवाईक बाहेर गेल्यावर, हळू आवाजात: खाल्लेलं कधी मुद्दाम ओकून काढता का?

आज चोवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. फेब्रुवारीत लग्न आहे. आईनं हॉलच्या बुकिंगपासून सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, ‘‘फक्त सात-आठ किलो हो. शालू नेसल्यावर पोट दिसायला नको.’’ मुलीचा बीएमआय 23.8, कंबर 76. ही औषधं ज्यांचा बीएमआय तिशीच्या वर आहे त्यांच्यासाठी, किंवा 27 च्या वर असून सोबत रक्तदाब, मधुमेह असं काही दुखणं असेल त्यांच्यासाठी. सरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. शिवाय लग्नानंतर दिवस राहायचे तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं आणि टिर्झेपटाइड एक महिना आधी. लग्नासाठी सुरू करायचं आणि लग्न झालं की घाईनं थांबवायचं, हा त्या पोरीच्या शरीरावर अन्याय आहे.

आई नाराज झाली. मी मुलीला वेगळं बसवून विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लंस? साखरपुडा झाल्यापासून ती काकडी, ग्रीन टी आणि रात्रीच्या एका चपातीवर होती. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. हिमोग्लोबिन 8.9 निघालं. भूक मारायचं औषध मागायला आलेली मुलगी लोहाच्या गोळ्या आणि तीन वेळच्या जेवणाचा कागद घेऊन गेली. आईला जाताना एवढंच म्हटलं, ‘‘लग्नात ती बोहल्यावर उभी राहायला हवी ना? मग तिला जेवू घाला.’’

साडेअकरा

हे पेशंट आत आले की दार भरून जातं. वय बावन्न, जुने पैलवान. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्त्या केलेले. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही. तालमीतल्या सवयीचं दूध, तूप, बदाम आणि मटण चालू राहिलं, मेहनत मात्र बंद झाली. जुलैमध्ये आले तेव्हा 124 किलो, सोबत मधुमेह, आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. आज काट्यावर 108. सगळा गाव त्यांना ‘बारीक झालात की’ म्हणतोय.

त्यांना मात्र बरं वाटत नव्हतं. ‘‘मॅडम, घास उतरंना. जेवणावरची वासनाच उडालीया. तालमीत असताना कुणी भूक नाही म्हटलं की वस्ताद त्याला आजारी समजायचे. आता मीच रोज म्हणालोय.’’

काल काय खाल्लं ते विचारून लिहून काढलं. सकाळी चहा. दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर रस्सा, त्यातले मटणाचे तुकडे बाजूला काढून ठेवलेले, कारण चावायला नको वाटतं. संध्याकाळी चहा. रात्री पेलाभर ताक. सगळी गोळाबेरीज केली तर प्रथिनं वीस ग्रॅमही भरत नव्हती. एवढ्या देहाला रोज निदान नव्वद तरी हवीत.

मग त्यांना खुर्चीवर बसवलं. हात छातीशी बांधायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. जुलैमध्ये, सोळा किलो जास्त असताना, ते तेरा वेळा उठले होते. आज नऊ. नवव्या वेळी हात सुटून मांडीवर टेकला आणि त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं, तो आकडाही घसरलेला. या औषधांच्या चाचण्यांमध्ये घटलेल्या वजनाचा पाव हिस्सा, काहींत चाळीस टक्क्यांपर्यंत, चरबीखेरीजचा निघाला होता, आणि त्यात स्नायू येतात. आकडा माहीत असणं वेगळं आणि एखाद्या पैलवानाच्या मांड्या थरथरताना बघणं वेगळं.

सरांनी डोस वाढवायचा बेत रद्द केला. साडेसात मिलिग्रॅमवरून पुन्हा पाचवर आणलं. दर चार आठवड्यांनी डोस वाढवलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. वाढवता येतो, एवढंच. साखरेची ग्लिमेपिराइड ऑगस्टमध्येच बंद झालीय. त्या वेळी पहाटे चारला घामानं अंथरूण भिजलं होतं आणि साखर 58 लागली होती. भूक उतरलेली आणि गोळी मात्र जुन्या जेवणाच्या हिशेबानं चाललेली, म्हणून तसं झालं.

जेवणाचं मी त्यांच्याच घरातलं काढलं. कोल्हापुरात मटण शिजवताना आधी नुसत्या हळद-मिठात शिजवून घेतात, त्याला अळणी म्हणतात. ते तुकडे आणि ते पाणी फोडणीला जायच्या आधीच तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवायला सांगा. तांबड्या रश्श्याचा तवंग आणि पांढऱ्यातलं खोबरं, खसखस मंदावलेल्या जठराला जड जातं. तुकडे बारीक करा, सहा-सात पुरे. आधी तुकडे, मग भाजी, भाकरी शेवटी, राहिली तर राहिली. सकाळी दोन अंडी. दहाला पेलाभर दूध, त्यात दोन चमचे फुटाण्याचं पीठ. गंगावेशीतलं धारोष्ण म्हशीचं दूध तूर्त नको, साय काढलेलं घ्या. पाच वेळा थोडं थोडं खा, आणि भूक लागायची वाट बघू नका, कारण ती लागणारच नाही. घड्याळ बघून खा.

‘‘आणि बैठका,’’ मी म्हटलं. तेवढ्या एका शब्दावर त्यांची मान वर झाली. गुडघे बघता खुर्चीच्याच बैठका ठरवल्या, दहाचे तीन संच, एक दिवसाआड. भिंतीला हात लावून जोर. ‘‘खुर्चीवरच्या बैठका पोरं बघतील तालमीतली,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, मग घरी करा, पण करा. महिन्यानं पुन्हा खुर्ची मांडणार आहे. वजन शंभर ग्रॅमनंही उतरलं नाही तरी चालेल, मला तेराचा आकडा परत हवाय.

पाऊण

पेन शिकवायचा तास. बेंबीपासून चार बोटं लांब, दर आठवड्याला जागा बदलून. हात धुवा, नवी सुई लावा, आधी एक थेंब हवेत काढून बघा, मग टोचा, बटण पूर्ण दाबा, सुई आत ठेवून सावकाश पाचपर्यंत मोजा आणि मग बाहेर काढा. सुई काढून पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की दवाखान्यात आणून द्या, घंटागाडीत टाकू नका, सुई कचरा वेचणाऱ्याच्या बोटात जाते.

आज एक जोडपं होतं. एका पेनात चार आठवड्यांचे चार डोस असतात. नवऱ्यानं हिशेब केला, ‘‘दोघांत एक पेन घेऊ. सुई वेगवेगळी लावू. पैसेही वाचतील.’’ सुई बदलली तरी टोचताना रक्ताचा अंश मागं पेनात शिरू शकतो, आणि त्यातनं कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही असं काहीही एकमेकांना लागू शकतं. नवराबायको असला म्हणून रक्त एक होत नाही. शिवाय बायकोला औषधाची गरजच नव्हती, तिची तपासणीही झालेली नव्हती. दोघांना पुन्हा समजावलं. नवरा मान डोलावत होता, पण मी बायकोकडं बघून बोलत होते, कारण फ्रिज तिच्या ताब्यात आहे.

दोन

डबा उघडला आणि फोन वाजला. गडहिंग्लजकडचे एक पेशंट, वय एक्केचाळीस. ‘‘मॅडम, पित्त झालंय. दोन दिवस. गोळी सांगा.’’

कुठं दुखतंय? वरच्या पोटात. कुठवर जातंय? जरा थांबून म्हणाले, पाठीत. ताप? काल रात्री कणकण होती. उलटी? दोनदा. यावर मी गोळी सांगत नाही. वरच्या पोटातलं, पाठीत घुसणारं, न थांबणारं दुखणं म्हणजे स्वादुपिंडाची सूज नाही ना, हे आधी बघावं लागतं. इंजेक्शन पुढं घेऊ नका, तोंडानं काही खाऊ-पिऊ नका, स्वतः गाडी चालवू नका, आणि आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. सरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून लायपेजची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करायला सांगितलं. डबा गार झाला होता. तसाच खाल्ला.

साडेतीन

निरोप आला. लायपेज ठीक आहे, स्वादुपिंड वाचलं. पित्ताशयात मात्र खडे, आणि त्याची भिंत सुजलेली. सर्जन बघतायत. शेवटचं इंजेक्शन रविवारी घेतलंय हे भूलतज्ज्ञांना आवर्जून कळवलं, कारण या औषधावर जठरात अन्न तासन्‌तास पडून राहतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जायची भीती असते.

त्यांचा केसपेपर काढला. दहा आठवड्यांत अकरा किलो. मधल्या दोन तारखांना आलेच नव्हते. फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणाले होते. आता बायकोशी बोलल्यावर कळलं की लवकर उतरावं म्हणून ते फक्त पेज आणि फळांवर राहत होते, तेलाचा थेंब नाही. वजन भराभर उतरताना चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं. जेवणात थोडंतरी तेल-तूप असेल तर पित्ताशय आकसून ते पित्त बाहेर टाकतं. नसेल तर पित्त साचतं, घट्ट होतं, त्याचे खडे बनतात. भाकरीवर रोज एक चमचा तूप घ्या, हे त्यांच्या पहिल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. औषधानं भूक कमी केली, आणि उरलीसुरली त्यांनी निर्धारानं मारली. अशा निर्धाराचं आपल्याकडं कौतुक होतं, याचं मला फार वाईट वाटतं. उपाशी राहणाऱ्याला आपण मनाचा पक्का म्हणतो आणि जाड माणसाला मनाचा कच्चा. स्थूलपणा हा आजार आहे. त्यात आतड्याची, मेंदूची, आनुवंशिकतेची कामं गुंतलेली आहेत. हे मान्य केलं तर उपचारही आजाराचे होतील.

सहा

संध्याकाळच्या ओपीडीत एक तरुण आला, छातीत धडधडतंय म्हणून. नाडी 108, रक्तदाब 150 वर 96. वजनासाठी काही घेतोस का? नाही म्हणाला. मग खिशातून एक प्लास्टिकची पुडी काढली, त्यात हिरव्या कॅप्सूल. ‘‘हे औषध नाही, जडीबुटी आहे. भूकच लागत नाही याच्यानं.’’ कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. व्यायामशाळेतल्या मित्रानं दिलेली.

आत काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही. पण वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये सिब्युट्रामिन सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. सिब्युट्रामिन कधीकाळी आपल्याकडंही चिठ्ठीवर मिळायचं. त्यानं भूक मरायची, पण नाडी आणि रक्तदाब चढायचा. सुमारे दहा हजार हृदयविकाराच्या जोखमीतल्या लोकांवर केलेल्या पाहणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात औषधाच्या गटात जास्त निघाले. 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये भारतानं त्यावर बंदी घातली. त्याच्याही आधी, 1997 मध्ये, फेनफ्ल्युरामिन हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून बाजारातून काढलं होतं. भूक मारण्याच्या गोळ्यांचा इतिहास असा आहे. आजची औषधं वेगळ्या जातीची आहेत, हृदयाच्या बाबतीत तर सेमाग्लुटाइडचा फायदाच दिसलाय. तरी नाडी मोजायची सवय आम्ही सोडलेली नाही.

मुलाचा ईसीजी काढला, पुडी ठेवून घेतली. सर त्याच्याशी रागावून बोलले नाहीत. रागावलं की पुढची पुडी तो दाखवणार नाही. सोमवारी पुन्हा बोलावलंय, कंबर आणि साखर मोजून रीतसर सुरुवात करायला.

सात

पतसंस्थेत कारकून असलेली एक बाई, वय अडतीस. सेमाग्लुटाइडवर 96 वरून 84 वर आलीय. साखर हद्दीवर होती ती उतरलीय, गुडघे दुखायचे थांबलेत. ती समोर बसली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, जानेवारीपासनं बंद करते. पोराची फी आहे. की पंधरा दिवसांनी एक घेतलं तर चालेल?’’

मौंजारो आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीला साडेतीन हजार आणि पाचच्या कुपीला 4,375 रुपये पडत. महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. वेगोव्हीची किंमत नोव्हेंबर 2025 मध्ये 37 टक्क्यांपर्यंत उतरली होती, तरी ती तिच्या पगाराला झेपणारी नव्हती, आणि विम्यात सहसा बसत नव्हती. सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च 2026 मध्ये भारतात संपणार होतं आणि देशी कंपन्या तयारीत होत्या. पण मार्च तीन महिन्यांवर होता आणि फी पुढच्या महिन्यात.

तिला खरं सांगितलं. हे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं पाहणीत दिसलंय. त्यात त्या लोकांचा आळस नव्हता. औषध गेलं की भूक परत येते, आणि वजन उतरलेलं शरीर ते परत मिळवायला धडपडतं. मन मानेल तसं अंतर वाढवून घेणं तपासलेलं नाही, आणि लागोपाठ डोस चुकल्यावर एकदम जुन्या डोसवर गेलं तर उलट्यांनी हैराण व्हायला होतं. ही सगळी बोलणी पहिल्या दिवशी व्हायला हवीत, औषध सुरू करायच्या आधी, घरच्या कर्त्या माणसाला सोबत बसवून. हे किती वर्षं परवडेल, हा प्रश्न मी आता बीएमआयच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानते.

आठ

शेवटचा पेशंट गेल्यावर सर, मी आणि ती बाई, तिघं पुन्हा बसलो. ठरलं ते असं. डोस वाढवायचा नाही, डिसेंबरचं पेन पूर्ण करायचं. जानेवारीत थांबावंच लागलं तर थांबायचं, पण आम्हाला सांगून. दर रविवारी सकाळी वजन, वहीत. तीन किलो वाढले की फोन, लाजायचं नाही, ओरडा मिळणार नाही. साखरेची तपासणी फेब्रुवारीत. मार्चनंतर किमती कुठं येतात ते बघून, पुन्हा घ्यायचं तर सगळ्यांत खालच्या डोसपासून.

भूक परत येईल तेव्हा ती पहिल्यांदा कधी गाठेल हे मी तिला विचारलं. तिनं लगेच सांगितलं, ‘‘सहाला. सुटल्यावर स्टँडवर, वड्याच्या गाड्यासमोर.’’ म्हणजे जागा ठरलेली, वेळ ठरलेली. केसपेपरवर पुढची तारीख 22 जानेवारी घातली आणि खाली लिहिलं: पावणेसहाला, ऑफिसातून निघायच्या आधी, दोन उकडलेली अंडी किंवा दोन मुठी फुटाणे आणि पेलाभर ताक. डबा सकाळीच भरायचा.